शाळेबाहेरच्या मुलाचे वकील : जे. पी. नाईक

शिक्षणक्षेत्रांत नांव मिळविणाऱ्या माणसांची ओळख बहुधा त्यांच्या शाळांवरून पटते. कोणीं महाविद्यालय काढलेलें असतें, कोणीं वसतिगृह बांधलेलें असतें, कोणाच्या हाताखालून गेलेले विद्यार्थी मोठमोठ्या हुद्द्यांवर चढलेले असतात. कै. जयंत पांडुरंग नाईक यांची ओळख मात्र उलट्या बाजूनें करून घ्यावी लागते. जें मूल शाळेंत आलेंच नाहीं, किंवा आलें आणि दुसऱ्या इयत्तेच्या उंबरठ्यावरून परत फिरलें, त्या मुलाकडे तोंड करून ज्यांनीं आयुष्यभर शिक्षणाचा विचार केला, असे हे गृहस्थ होते. दिल्लीचें मंत्रालय, आयोगांचीं दप्तरें आणि विद्वानांच्या परिषदा यांत त्यांच्या उमेदीचीं पुष्कळ वर्षें गेलीं. परंतु त्यांचा पक्षकार ठरलेला होता, आणि त्या पक्षकारास आपला खटला कोणी चालवीत आहे याचा पत्ताहि नव्हता.

त्यांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७ रोजीं, आज कोल्हापूर जिल्ह्याच्या आजरा तालुक्यांत असलेल्या बहिरेवाडी या गांवीं झाला. मूळचें नांव विठ्ठल हरि घोटगे. जयंत पांडुरंग नाईक हें नांव मागाहून घेतलेलें. कोल्हापूरच्या राजर्षि शाहू छत्रपतींनीं मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा जाहीरनामा काढला तो १९१७ सालीं, म्हणजे नाईक दहा वर्षांचे असतांना. पुढें १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळींत त्यांना कारावास घडला. तुरुंगांत ते आजाऱ्यांची शुश्रूषा करण्यास शिकले, आणि सुटका झाल्यावर शहराची वाट न धरतां धारवाड जिल्ह्यांतील उप्पिन बेटगेरी या खेड्यांत जाऊन राहिले. तेथें औषधपाणी, साक्षरता, गांवसुधारणा अशीं सर्व कामें त्यांनीं केलीं. ज्यास शिक्षणशास्त्राचा पंडित म्हणून पुढें जगानें ओळखलें, त्याच्या अभ्यासाचा आरंभ पुस्तकापासून न होतां अशा खेड्यापासून झाला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. सुगी आली म्हणजे पटावरचीं मुलें कोठें जातात, हें खेड्यांत राहणाऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं.

अनुभवाला अभ्यासाची जोड त्यांनीं लौकरच दिली. सैयद नुरुल्ला यांच्यासह लिहिलेला त्यांचा ब्रिटिश अमदानींतील शिक्षणाचा इतिहास १९४३ सालीं प्रसिद्ध झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या तो शिक्षक-महाविद्यालयांत अभ्यासिला गेला. या इतिहासांत एक जुना वाद पुनःपुन्हां डोकें वर काढतो. आधीं थोड्यांना चांगलें शिकवावें, कीं आधीं सर्वांना शिकवावें? वरच्या थरांतील लोक शिकले म्हणजे विद्या आपोआप खालीं झिरपेल, असें एका काळीं सरकारी धोरण होतें. कुणब्यांच्या पैशानें वरच्यांच्या मुलांचें शिक्षण चालतें, ही महात्मा फुले यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें मांडलेली तक्रार त्याच धोरणाविरुद्ध होती. नामदार गोखले यांनीं सक्तीच्या शिक्षणाचें विधेयक १९११ सालीं आणलें. तें पुढच्या वर्षीं ३८ विरुद्ध १३ मतांनीं पडलें. नंतर १९२९ सालीं हार्टोग समितीचा अहवाल आला. १९२२-२३ सालीं पहिल्या इयत्तेंत असलेल्या दर १०० मुलांपैकीं अवघीं १८ मुलें १९२५-२६ सालीं चौथींत पोंचलीं, असा हिशेब त्या समितीनें मांडला आणि निष्कर्ष काढला कीं, शाळांची वाढ आवरावी व आहेत त्या शाळा आधीं सुधाराव्या.

येथें नाईक आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी रा. वि. परुळेकर यांचा विरोध होता. आंकडा खरा, पण निष्कर्ष उफराटा, असा त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ. शंभरांतलीं ब्याऐंशीं मुलें गळतात, तर दोष शाळा जास्त झाल्याचा कसा? तीं कां गळतात हें पाहावें. भरतीला आलेलें पाणी बंदराच्या मापानें मोजूं नये, बंदर वाढवावें. मुंबईस १९४८ सालीं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन ही संशोधनसंस्था निघाली ती या विचाराच्या माणसांकडून. याच सुमारास कोल्हापूर संस्थानच्या विकासकार्यांत आणि पुढें गारगोटीच्या श्री मौनी विद्यापीठाच्या उभारणींत नाईकांनीं आपला वाटा उचलला.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनें ४५ व्या कलमांत सांगितलें कीं, दहा वर्षांच्या आंत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचें शिक्षण मिळावें. मुदत संपली, काम अर्ध्यावरहि आलें नव्हतें. प्राथमिक शिक्षणाचे सल्लागार म्हणून नाईक त्या वेळीं दिल्लींत मंत्रालयांत होते. पुढें १९६४ सालीं डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण आयोग नेमला गेला आणि नाईक त्याचे सदस्य-सचिव झाले. २९ जून १९६६ रोजीं सादर झालेल्या त्या विस्तीर्ण अहवालावर लेखक म्हणून मुख्यतः त्यांचाच हात फिरला आहे. सरकारी कामासाठीं ते महिना एक रुपया वेतन घेत, अशी आठवण सांगितली जाते. मोठ्या पगाराचा त्याग करणारे पुष्कळ असतात. परंतु त्याग करून सचिवाचें रूक्ष काम, टिपणें, तक्ते, मसुदे, वर्षानुवर्षें निमूटपणें करणारे विरळा.

त्या अहवालांतील पुष्कळ सूचना लोकांच्या स्मरणांत आहेत. राष्ट्रीय उत्पन्नाचे शेंकडा ६ शिक्षणावर खर्च व्हावे, ही त्यांतलीच. तिची मुदत १९८५-८६ ची होती, आणि २०२० च्या नव्या धोरणांत तोच आंकडा पुन्हां लिहावा लागला, इतकें सांगितलें म्हणजे पुरे. परंतु नाईकांच्या मनाला सर्वांत जवळची सूचना निराळी होती. ती समान शाळेची. वस्तींतील सर्व मुलांनीं, मग तीं कोणत्याहि जातीचीं, धर्माचीं, मिळकतीचीं असोत, आपल्याच वस्तींतील शाळेंत जावें. ती शाळा फी न घेणारी असावी आणि तिचा दर्जा असा असावा कीं, सधन आईबापांना आपलें मूल दुसरीकडे पाठविण्याची गरजच वाटूं नये. निदान प्राथमिकच्या पहिल्या टप्प्यापासून आरंभ करून वीस वर्षांत हें घडवावें, असें आयोगानें म्हटलें. १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानें समान शाळेच्या दिशेनें जाण्याचें मान्यहि केलें.

मान्य केलें आणि कागद फाईलींत गेला. याचें कारण शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. शहरांतील सुशिक्षित घरांनीं ही सूचना कधीं नाकारली नाहीं. त्यांनीं फक्त आपलीं मुलें तेथें धाडलीं नाहींत. नगरपालिकेच्या शाळेंत शिकून पुढें आलेले वकील, डॉक्टर, अधिकारी आपल्या मुलांकरितां दुसरी शाळा निवडूं लागले. एका घराच्या दृष्टीनें पाहिलें तर त्यांत वावगें कांहींच नव्हतें. परंतु ज्या पालकाच्या तक्रारीस मुख्याध्यापक वचकतो, ज्याच्या पत्राची दखल शिक्षणाधिकारी घेतो, तो पालक निघून गेला म्हणजे मागें राहिलेल्या शाळेची बाजू मांडणारें कोणी उरत नाहीं. गळकें छप्पर गळत राहतें. श्रीमंत मुलाला गरिबाशेजारीं बसवून त्याचें मन विशाल करावें, एवढ्यापुरती समान शाळेची कल्पना नव्हती. वजन असलेल्या माणसांचें वजन सर्वांच्या शाळेच्या पाठीशीं उभें राहावें, असा तिच्यांतील व्यवहार होता.

१९६९ सालीं भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली आणि नाईक तिचे सदस्य-सचिव झाले. १९७४ सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें. याच काळांतलें, १९७५ सालचें, त्यांचें पुस्तक समता, गुणवत्ता आणि संख्या या तिघांविषयीं आहे. या तिघांचा त्रिकोण भारतीय शिक्षणाच्या हातीं लागत नाहीं, असें त्याच्या नांवांतच त्यांनीं म्हटलें आहे. संख्या वाढवावी तर गुणवत्ता घसरल्याची ओरड. गुणवत्ता जपावी तर ती मूठभरांच्याच वांट्यास. आणि समतेचें नांव सर्वांच्या तोंडीं असून तिच्यावर खर्च सर्वांत कमी.

संख्या वाढली होती हें कोणी नाकारूं शकत नव्हतें. पहिली ते पांचवीच्या वर्गांत १९५०-५१ सालीं १ कोटी ९२ लाख मुलें होतीं. १९८०-८१ सालीं तीं ७ कोटी ३८ लाख झालीं. त्यांतल्या मुली ५४ लाखांवरून २ कोटी ८५ लाखांवर गेल्या. पण हा आकडा दाखल झालेल्यांचा, टिकलेल्यांचा नव्हे. शाळा दाराशीं आली, फी गेली, तरी मुलें गळतच होतीं. तेव्हां नाईकांनीं आपली दृष्टि शाळेच्या घडणीकडेच वळविली. त्यांचें निदान असें : आपल्या शाळेला आंत शिरण्याचें दार एकच, तें सहाव्या वर्षीं उघडतें आणि मिटतें. वर जाण्याचा जिना एकच. एक पायरी चुकली कीं खालीं. आणि हजेरी पुऱ्या दिवसाची, सकाळपासून सायंकाळपर्यंत. ज्या घरांत मुलाच्या श्रमाची गरज नाहीं त्या घराच्या मापानें हा अंगरखा बेतलेला आहे. ज्या घरांत आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरते, पाणी भरते, शेळ्या राखते, त्या घराच्या अंगाला तो बसतच नाहीं. मग आपण म्हणतों, आईबाप अडाणी, त्यांना शिक्षणाची आवड नाहीं. आवड नसेलहि कोठें कोठें. परंतु ज्या वेळीं शाळा भरते त्या वेळीं मूल मोकळें नसतें, हें आधीं पाहिलें पाहिजे.

एवढें निदान लिहून ते थांबले असते तर ग्रंथकार म्हणून त्यांची कीर्ति अबाधित राहिली असती. १९७८ सालीं परिषदेचें काम सुटलें तेव्हां त्यांचें वय ७० च्या पुढें होतें. संशोधनसंस्था १९७६ सालींच मुंबईहून पुण्यास आली होती. नाईक पुण्यास परतले, आणि संस्थेनें १९७९ सालीं पुणें जिल्ह्यांतील खेड्यांत एक प्रयोग हातीं घेतला. त्याचा मुख्य भार वाहिला त्यांच्या पत्नी डॉ. चित्रा नाईक यांनीं. चित्राबाई स्वतः महाराष्ट्राच्या शिक्षणसंचालक राहिलेल्या. म्हणजे नेहमीची शाळा आंतून बाहेरून पाहिलेल्या. त्यांना अमुक तासांचा, अमुक इयत्तेचा नियम ठाऊक होता, आणि तो कोठें मोडला तर चालेल हेंहि ठाऊक होतें.

प्रयोग साधा होता. शाळेंत न गेलेल्या किंवा मधूनच सुटलेल्या मुलांसाठीं गांवांतच संध्याकाळीं, दिवसाचें काम आटोपल्यावर, सुमारें दोन तासांचा वर्ग भरवावयाचा. वेळ गांवानें ठरवावयाची. शिकविणारी व्यक्ति शक्यतों त्याच गांवची असावी. शेती करणारा थोडाफार शिकलेला तरुण, एखादी गृहिणी, क्वचित् शाळेचे गुरुजीहि. वर्गावर देखरेख गांवकऱ्यांच्या समितीची. मुलांचे गट पाडलेले. ज्याची जशी गति तसा तो पुढें जाई, आणि पुढें गेलेलें मूल मागच्याला हात देई. धडे त्यांच्या जगण्यांतले : पाणी, गुरें, पीक, आजार, बाजाराचा हिशेब. जमणाऱ्या मुलांत मुलींचा भरणा फार मोठा होता. यांत नवल नाहीं. दिवसाच्या शाळेनें ज्यांना बाहेर ठेवलें होतें त्यांत त्याच अधिक होत्या.

परीक्षेच्या जागीं जो उपाय त्यांनीं योजला तो विशेष सांगण्यासारखा आहे. आसपासच्या गांवच्या वर्गांतील मुलांना एके ठिकाणीं जमवून बालजत्रा भरवीत. तेथें वाचणें, लिहिणें, हिशेब करणें, गोष्ट सांगणें, गाणें म्हणणें, सर्व कांहीं जत्रेच्या रंगांत होई. मुलांना काय येतें हें शिक्षकांस आणि आईबापांस उघड्या डोळ्यांनीं दिसे, आणि नापास असा शिक्का मात्र कोणाच्या कपाळीं बसत नसे. आपली लेक चारचौघांत घडाघडा वाचते हें पाहिलेल्या बापाला शिक्षणाचें महत्त्व पटविण्यासाठीं मग निराळें व्याख्यान कशाला? ज्या देशांत परीक्षेच्या धास्तीनें लाखों मुलें शाळा सोडतात, त्या देशांत ही युक्ति खेड्यापुरतीच राहिली, याचें मात्र वाईट वाटतें.

या प्रयोगावर एक आक्षेप आला, आणि तो हलका नव्हता. सुखवस्तूंच्या मुलांना पक्की इमारत, पगारी शिक्षक, पुरा दिवस. गरिबांच्या मुलांना दिवेलागणीनंतरचे दोन तास आणि अल्प मानधनावरचा शिकविणारा. मग समता कोठें राहिली? मागच्या दारानें जुनीच उतरंड पुन्हां आली नाहीं काय? ज्यांनीं १९६६ सालीं सर्वांसाठीं एक शाळा मागितली, त्यांनींच १९७९ सालीं गरिबांसाठीं दुसरी काढावी, ही विसंगति नव्हे काय?

नाईकांची बाजू अशी होती कीं, शाळेला दारें अनेक असावीं, पण तीं एकाच घराचीं असावीं. रात्रीच्या वर्गांतलें मूल तयार झालें म्हणजे त्याला दिवसाच्या शाळेच्या योग्य त्या इयत्तेंत जातां आलें पाहिजे. दहाव्या वर्षीं, बाराव्या वर्षीं, जेव्हां जमेल तेव्हां. अर्धवेळ शिक्षण ही गरिबांची वेगळी जात न ठरतां साऱ्या व्यवस्थेचेंच एक अंग व्हावें. हा खुलासा तर्काला धरून आहे. परंतु व्यवहारांत राज्यकर्त्यांना त्यांतला स्वस्तपणा तेवढा आवडला, असें म्हणावें लागतें. मागासलेल्या राज्यांत सरकारी अनौपचारिक केंद्रें निघालीं, १९८६ च्या धोरणानें त्यांचा विस्तार केला. आणि पुण्याच्या प्रयोगामागें जी माणसें, जी गांवसमिति आणि जी माया होती, ती परिपत्रकांतून पाठवितां येत नाहीं. १९९० सालीं आचार्य राममूर्ति समितीनें या वादावर उत्तर सुचविलें तें मार्मिक होतें. वेगळीं केंद्रें कशाला, नेहमीच्या शाळेचाच ताठरपणा घालवा, असें तिनें म्हटलें. नाईकांचें मूळ निदान वाचलेल्यास हें त्यांच्याच विचाराचें पुढचें पाऊल वाटेल.

तें पाहावयास नाईक नव्हते. ३० ऑगस्ट १९८१ रोजीं पुण्यांत त्यांचें निधन झालें. शेवटच्या वर्षांतहि त्यांची लेखणी थांबली नव्हती. त्याच वर्षीं, समाजविज्ञान आणि वैद्यक या दोन संशोधन परिषदांच्या संयुक्त अभ्यासगटाचा सर्वांसाठीं आरोग्य या विषयावरचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्यांतहि त्यांचें काम मोठें होतें; शाळेबाहेरचें मूल बहुधा दवाखान्याबाहेरचेंहि असतें, हें त्यांनीं ओळखलें होतें. आणि १९८२ सालीं, त्यांच्या मागें, कोठारी आयोगाच्या शिफारशींचें पुढें काय झालें याचा हिशेब घेणारें त्यांचें पुस्तक छापून आलें. स्वतः लिहिलेल्या अहवालाच्या अपयशाचा ताळेबंद स्वतःच मांडणारा सचिव आपल्या सरकारी इतिहासांत सहसा आढळत नाहीं.

चित्राबाई त्यांच्यामागें जवळजवळ तीस वर्षें काम करीत राहिल्या. पुणें जिल्ह्यांतील प्रयोग वाढत गेला, नियोजन मंडळावरहि त्यांनीं काम केलें. इकडे घटनेंत २००२ सालीं ८६ वी दुरुस्ती होऊन शिक्षण हा ६ ते १४ वयाच्या बालकांचा मूलभूत हक्क ठरला, आणि त्याप्रमाणें २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्या कायद्यांत शेजारशाळा हा शब्द आहे. सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या इयत्तेंत घेऊन खास शिकवणी द्यावी, असेंहि त्यांत आहे. म्हणजे दार सहाव्या वर्षीं मिटत नाहीं. विनाअनुदानित खासगी शाळांनीं प्रवेशाच्या वर्गांतील शेंकडा २५ जागा दुर्बल व वंचित घरच्या मुलांना द्याव्या, असें कलम आहे. महाराष्ट्रांत फेब्रुवारी २०२४ मध्यें नियम बदलून, एक किलोमीटरच्या आंत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेस यांतून सूट देण्यांत आली. जुलैंत मुंबई उच्च न्यायालयानें तो बदल रद्द केला. जो प्रश्न १९६६ सालीं लिहून ठेवला होता तो असा न्यायासनापुढें उभा राहिला, आणि पक्षकार तोच होता.

संध्याकाळच्या वर्गाला मात्र या कायद्यांत जागा नाहीं. बालकाचें शिक्षण मान्यताप्राप्त शाळेंत, पुऱ्या वेळेचें झालें पाहिजे, असा त्याचा दंडक आहे, आणि समतेच्या दृष्टीनें तो योग्यहि आहे. डॉ. चित्रा नाईक २४ डिसेंबर २०१० रोजीं वारल्या. कायदा लागू होऊन तेव्हां नऊ महिने होत आले होते. आणि ऊसतोडीच्या हंगामांत बीड-नगरकडचीं कुटुंबें त्याहि वर्षीं मुलांना बरोबर घेऊन पश्चिम महाराष्ट्रांतील कारखान्यांकडे निघालीं होतीं.